पाच केंद्रं, पाच फंक्शन्स आणि एकच कपात : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दूध संस्थांची बिलं काढणारं सॉफ्टवेअर आम्ही सहाजण सांभाळतो. संस्था पश्चिम महाराष्ट्रातल्या. त्यांची, गावांची आणि आमच्यापैकी कुणाचीच नावं इथे देत नाही. कोडमधली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहितो आहे. मूळ कोड पायथन या भाषेत आहे आणि त्यात ती इंग्रजीत आहेत. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे किंमत ठेवायच्या जागेला, देवनागरी नाव देता येतं, पण ऑफिसात ते कुणी करत नाही.)

ज्यांनी दूध बिल हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.०. त्याखाली गेलं की दर पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, काही पैसे कमी. वर गेलं की काही पैसे जास्त. महिन्याला तीन बिलं : १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. बिलातून पशुखाद्याची उधारी, अ‍ॅडव्हान्स, वाहतूक अशा कपाती होतात. दिवाळीला वर्षभराच्या दुधावर फरक मिळतो.

इथपर्यंत सगळ्या संस्था सारख्या. पुढे प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एक संस्था एसएनएफच्या पहिल्या तीन पॉइंटला एक कपात लावते आणि त्याखाली दुप्पट. दुसरी म्हशीच्या दुधाला फॅटच्या किलोवर पैसे देते. तिसरी आधी अ‍ॅडव्हान्स कापते आणि उरलेल्यातून पशुखाद्य, चौथी नेमकं उलटं. या उलट्यासुलट्याने खरंच फरक पडतो, कारण एका बिलातून जास्तीत जास्त किती कापायचं याची मर्यादा संस्थेने घातलेली असते. मर्यादा गाठली की राहिलेली कपात पुढच्या बिलावर जाते. म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर हाही नियमच.

अडचण

हे सगळे नियम ‘बिल_काढ’ नावाच्या एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या कोडच्या एका तुकड्यात, होते. अकराशेच्या वर ओळी. आत ‘संस्था अमुक असेल तर’, त्याच्या पोटात ‘म्हैस असेल तर’, त्याच्या पोटात ‘दिवाळीचा महिना असेल तर’. एका ठिकाणी शेरा होता : ‘याला हात लावू नये, सचिवांनी फोनवर सांगितलंय.’ कुठले सचिव, कधी, काय सांगितलं, ते लिहिणारा नोकरी सोडून गेला होता.

नवीन संस्था आली की सर्वांत जवळची वाटणारी ‘असेल तर’ची शाखा उचलायची, खाली चिकटवायची, आकडे बदलायचे. असं करता करता एकदा एका संस्थेच्या अ‍ॅडव्हान्सची ओळ दुरुस्त केली आणि दुसऱ्याच संस्थेची मर्यादा हलली, कारण दोन्ही शाखा ‘उरलेली_रक्कम’ हे एकच व्हेरिएबल वापरत होत्या. बिलं छापण्याआधी सापडलं म्हणून वाचलो.

त्यात पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून एक नवी संस्था यायची होती. तिची पाच संकलन केंद्रं, आणि प्रत्येक केंद्राला लिटरमागे वेगळी वाहतूक कपात : ४०, ५५, ६०, ७५ आणि ९० पैसे. ‘बिल_काढ’मध्ये केंद्रनिहाय वाहतूक ही कल्पनाच नव्हती. तिथे आम्ही थांबलो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय : आहे त्यातच आणखी पाच शाखा घाला. हा कुणालाच नको होता. पण वेळ सर्वांत कमी यालाच लागणार होता, त्यामुळे तो शेवटपर्यंत टेबलावर राहिला.

दुसरा आमच्यातल्या ज्येष्ठ मॅडमचा. त्या दहाएक वर्षं जावा या भाषेत काम करून आलेल्या. त्यांचं म्हणणं, ‘कपात’ नावाचा एक मूळ क्लास (माहिती आणि तिच्यावरची फंक्शन्स एकत्र ठेवणारा साचा) करू आणि प्रत्येक नियमाला त्याचा एक उपक्लास. रचना नीट, ओळखीची. फक्त प्रत्येक क्लासात मेथड, म्हणजे क्लासातलं फंक्शन, एकच असणार होती : ‘रक्कम_काढ’. एका मेथडसाठी क्लास, त्याची फाइल, त्याचं नाव. मार्च २०१४ मध्ये जावा ८ येईपर्यंत त्या भाषेत लॅम्ब्डाच (नाव न देता जागीच लिहिलेली फंक्शन्स) नव्हते, त्यामुळे वर्तन हातात द्यायचं तर ते कुठल्या तरी ऑब्जेक्टमध्ये (क्लासवरून तयार झालेल्या वस्तूत) गुंडाळूनच द्यावं लागे. मॅडम स्वतःच हसल्या, “सवय आहे हो, एकट्या माणसाला वाडा बांधून द्यायची.”

तिसरा पर्याय मालकांना फार आवडला होता. दराचं सूत्र टेबलमध्ये मजकूर म्हणून ठेवायचं आणि बिलाच्या वेळी ‘इव्हॅल’ने, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या सोयीने, चालवायचं. संस्थेच्या ऑफिसातूनच सूत्र बदललं जाईल, आपल्याला फोनच येणार नाही! पण ज्याला ते टेबल बदलता येतं त्याला आमच्या सर्व्हरवर वाटेल ते चालवता येतं. आणि सूत्रात कंस विसरला तर ते कळणार बिलाच्या रात्री. याला मी ठाम नकार दिला. या प्रकरणात ज्याबद्दल आजही मनात शंका नाही असा माझा हा एकमेव निर्णय.

चौथा : नियम म्हणजे फंक्शन, आणि फंक्शन म्हणजे आकड्यासारखी किंवा यादीसारखी एक वस्तू. ती डिक्शनरीत (नावावरून वस्तू काढता येणाऱ्या नोंदवहीत) ठेवायची, यादीत ओळीने लावायची, लागेल तेव्हा काढून चालवायची.

हा विचार जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी व्याख्यानांत भाषेतल्या गोष्टींची प्रतवारी मांडली. अल्गोल या भाषेत संख्या पहिल्या दर्जाची नागरिक, कारण ती व्हेरिएबलला देता येते, पदावलीत वापरता येते, कुठेही चालते. प्रोसिजर, म्हणजे तिथलं फंक्शन, दुसऱ्या दर्जाची. तिला बोलावता येतं किंवा दुसऱ्या प्रोसिजरच्या हाती सोपवता येतं, पण व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नाही, उत्तर म्हणून परत करता येत नाही. फंक्शनला डेटासारखं वागवणारी लिस्प ही भाषा त्याच्या आधीची, जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेली. पायथनमध्ये फंक्शनला हे सगळे हक्क आहेत : नाव द्या, यादीत घाला, दुसऱ्या फंक्शनला द्या, फंक्शनातून परत करा.

आमच्यासाठी यातला शेवटचा हक्क मोलाचा होता. फंक्शन जर फंक्शन परत करत असेल, तर ‘पाया इतका, फॅटच्या पॉइंटला इतके, एसएनएफच्या पॉइंटला इतके’ एवढं सांगून दर काढणारं तयार फंक्शन हातात मिळतं. अकराशे ओळींतल्या बऱ्याच शाखांत आकडे सोडले तर काहीच वेगळं नव्हतं.

निर्णय आणि काम

चौथा पर्याय घेतला, एका अटीवर : ज्याला स्वतःची शिल्लक लक्षात ठेवावी लागते, उदाहरणार्थ अ‍ॅडव्हान्सचं खातं, ते क्लासच राहील. नुसता हिशेब असेल तिथे फंक्शन.

दराचा कारखाना असा झाला :

दर_नियम(पाया, फॅट_पॉइंट, एसएनएफ_पॉइंट) → एक फंक्शन, जे (फॅट, एसएनएफ) घेऊन लिटरचा दर देतं

कपातींसाठी प्रत्येक संस्थेची एक यादी :

कपाती[संस्था] = [अ‍ॅडव्हान्स, पशुखाद्य, वाहतूक]

यादीतला क्रम हाच कपातीचा क्रम. आधी जो क्रम ‘जर-नाहीतर’च्या पोटात दडलेला असायचा तो आता एका ओळीत दिसत होता. संस्थेच्या सचिवांना स्क्रीनवर दाखवला तेव्हा त्यांनी तो वाचून चूकसुद्धा काढली : “खाद्य आधी हो, अ‍ॅडव्हान्स नंतर.” पगारावर काम करणाऱ्या प्रोग्रामरला याहून मोठं समाधान क्वचितच मिळतं.

सुरुवातीची एक गंमत सांगायला हवी. आमच्याकडच्या नव्या मुलाने डिक्शनरीत ‘पशुखाद्य’ऐवजी ‘पशुखाद्य()’ लिहिलं. कंस लावला की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि डिक्शनरीत त्याचं उत्तर बसतं. कंस नसेल तर फंक्शन स्वतः बसतं. कंसाने मिळतो दर, कंसाशिवाय मिळते दर काढायची रीत. प्रोग्राम सुरू होतानाच कोसळला म्हणून लगेच कळलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, चुका झाल्या तर अशाच होतील, दारातच ओरडणाऱ्या.

जुन्या संस्थांसाठी जुनं आणि नवं कोड शेजारी शेजारी चालवलं. मागच्या तीन बिलांचा प्रत्येक सभासद, पैशापर्यंत ताडून पाहिला. जिथे फरक आला तिथे दोनदा नवं चुकलं होतं आणि एकदा जुनंच चुकत आलं होतं. ते एक प्रकरण संस्थेला लेखी कळवलं.

नव्या संस्थेची वाहतूक मात्र ताडायला काहीच नव्हतं. तिचं जुनं कोडच नव्हतं.

पहिलं बिल

त्या संस्थेचं १ ते १० तारखेचं बिल निघालं. याद्या केंद्रांवर लागल्या, बँकेची फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी जायची होती. संध्याकाळी सातच्या सुमारास एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला.

“साहेब, आमचं केंद्र प्लँटला लागून आहे. कॅन डोक्यावर घेऊन चालत गेलं तरी दहा मिनिटं. आणि वाहतूक बघितली का? डोंगरापलीकडच्यांच्या बरोबरीने लावलीय की आम्हाला!”

त्यांच्यासमोर एक सभासद खिशातली डायरी उघडून बसला होता. रोजचं दूध पेन्सिलने लिहिलेलं. दहा दिवसांचं १२४ लिटर, म्हणजे ४० पैशांनी ४९ रुपये ६० पैसे. यादीत कापले होते १११ रुपये ६० पैसे. १११.६० ला १२४ ने भागलं की ९० पैसे येतात. फोन ठेवायच्या आत मला बाकीच्या केंद्रांचा अंदाज आला. उघडून पाहिलं, पाचही केंद्रांना ९० पैसे.

शोध

पहिला संशय अर्थातच टेबलवर. टेबल बरोबर होतं : ४०, ५५, ६०, ७५, ९०. मग नव्या मुलाने पाचही फंक्शन्स छापून पाहिली. पायथन फंक्शन छापलं की त्याचा मेमरीतला पत्ता दाखवतो. पाच वेगवेगळे पत्ते आले. “दादा, फंक्शन्स पाच वेगळी आहेत, म्हणजे कोड बरोबर आहे,” असं म्हणून तो परत टेबलकडे वळला. मीही वळलो. तासभर तिथेच गेला.

कोड असं होतं :

कपाती_तयार_कर(यादी):
  प्रत्येक (केंद्र, पैसे) साठी यादीतून:
    वाहतूक[केंद्र] = लॅम्ब्डा लिटर: लिटर × पैसे

वाचताना यात चूक दिसत नाही. मलाही रिव्ह्यूमध्ये दिसली नव्हती, आणि तो रिव्ह्यू मीच केला होता.

अखेर मॅडमनी पाचही फंक्शन्सचं क्लोजर उघडायला सांगितलं. पायथनमध्ये प्रत्येक फंक्शनाजवळ, त्याने बाहेरून धरून ठेवलेल्या व्हेरिएबल्सची कप्प्यांची यादी असते. पाचांच्या पहिल्या कप्प्यात पाहिलं : ९०, ९०, ९०, ९०, ९०. आणि तो कप्पा पाचांचा मिळून एकच होता. फंक्शन्स पाच, कप्पा एक.

क्लोजर हा शब्द संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये वापरला : फंक्शनाचा कोड, अधिक तो कोड जिथे जन्मला तिथली व्हेरिएबल्स. पण पायथनचं क्लोजर व्हेरिएबलची त्या क्षणाची किंमत उचलत नाही. ते व्हेरिएबलच धरून ठेवतं. डेअरीच्या भाषेत सांगायचं तर पाच कारकुनांना पाच वेळा बोलावून आपण प्रत्येकाला सांगितलं, “फळ्यावर जो दर आहे तो लावायचा.” पहिल्याला सांगताना फळ्यावर ४० होतं. मग पुसून ५५ लिहिलं, मग ६०. कारकून कामाला बसले दहा दिवसांनी. तोवर फळ्यावर शेवटचं ९० राहिलं होतं, आणि सगळ्यांनी मान वर करून तेच वाचलं. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्यायला हवी होती.

अशी चूक शिकाऊ माणूसच करतो असं वाटेल, पण तसं नाही. हा मुलगा आधी जावास्क्रिप्टमध्ये काम करायचा. तिथे २०१५ पासून ‘लेट’ने लूप (त्याच ओळी फेरीफेरीने चालवणारी रचना) लिहिला की प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं, त्यामुळे त्याची ओळ तिथे अगदी बरोबर चालली असती. सी शार्पने २०१२ मधल्या पाचव्या आवृत्तीत ‘फॉरईच’साठी हेच केलं. गो या भाषेने तर थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये, १.२२ या आवृत्तीत, लूपचा अर्थ बदलला. म्हणजे याच खड्ड्यात इतकी माणसं पडली की भाषांनी खड्डा बुजवला. पायथनने तो ठेवला आहे. मॅडमची सवय आणखी वेगळी : बदलत राहणारं स्थानिक व्हेरिएबल जावा लॅम्ब्डात घेऊच देत नाही, कंपायलर तिथेच अडवतो. त्यामुळे ‘चुकलं असतं तर ओरडलं असतं’ हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तीन भाषांतून आलेली तीन माणसं एकच ओळ तीन अर्थांनी वाचत होती.

रात्रीचे दोन निर्णय

पहिला पैशांचा. मालकांचा कल होता की फाइल जाऊ द्या, फरक पुढच्या बिलात जमा करू. यात संस्थेची वेळ पाळली गेली असती. पण चार केंद्रांच्या सभासदांनी दहा दिवस कमी पैसे वापरायचे आणि चूक आमची, हे मला पटेना. सचिवांनाच विचारलं. ते म्हणाले, “एक दिवस उशीर झाला तर लोक दोन शब्द बोलतील. कमी आले तर दूध दुसरीकडे घालतील.” फाइल थांबवली. लांबच्या, ९० पैशांच्या केंद्राचं बिल बरोबर होतं. तरी फाइल एकच असल्यामुळे तेही एक दिवस अडकलं. केंद्रनिहाय फाइल काढायची सोय तेव्हा नव्हती, आता आहे.

दुसरा निर्णय कोडचा. रात्री अकरा वाजता जी युक्ती आठवली ती लावली :

वाहतूक[केंद्र] = लॅम्ब्डा लिटर, पैसे=पैसे: लिटर × पैसे

डिफॉल्ट किंमत, म्हणजे बोलावताना काही दिलं नाही तर वापरायची किंमत, फंक्शन तयार होतानाच ठरते, त्यामुळे प्रत्येकाला आपली चिठ्ठी मिळते. पाचही केंद्रं तपासली, बिलं नव्याने काढली, झोपलो.

ही दुरुस्ती बरोबर होती आणि तिथेच सोडून देणं चूक होतं. महिन्याभराने पशुखाद्याच्या हप्त्यांसाठी बिलाचे दिवस लागायला लागले, म्हणून सगळ्या कपातींना आम्ही (लिटर, दिवस) असं द्यायला सुरुवात केली. आता वाहतुकीच्या लॅम्ब्डाला दुसऱ्या जागी १० मिळालं आणि त्याने ते निमूटपणे ‘पैसे’ म्हणून घेतलं. लिटरमागे १० पैसे! १२४ लिटरला १२ रुपये ४० पैसे. आकडा असा की यादीत कुणाच्या डोळ्याला खुपणार नाही, आणि सभासदाच्या बाजूने असल्यामुळे फोनही येणार नाही. तोवर टेस्टमध्ये पाचही केंद्रं घातली होती म्हणून हे ऑफिसातच पकडलं.

मग युक्ती काढून टाकली आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं :

वाहतूक_नियम(पैसे):
  कपात(लिटर, दिवस):
    परत कर लिटर × पैसे
  परत कर कपात

लूपमध्ये ‘वाहतूक[केंद्र] = वाहतूक_नियम(पैसे)’. फंक्शन दर वेळी बोलावलं की त्याचा स्वतःचा कप्पा तयार होतो. दराच्या बाबतीत आम्ही पहिल्या दिवसापासून असंच करत होतो. वाहतूक ‘एका ओळीचीच तर आहे’ म्हणून लॅम्ब्डात उरकली होती.

नंतर आलेल्या दोन अडचणी

संस्था वाढल्या तशी बिलं एकाच वेळी अनेक प्रोसेसमध्ये (शेजारी शेजारी चालणाऱ्या स्वतंत्र प्रोग्राममध्ये) काढायचं ठरलं. पहिल्याच प्रयत्नात पायथनने कळवलं की हे फंक्शन पिकल होत नाही. दुसऱ्या प्रोसेसकडे वस्तू पाठवायची तर ती आधी बाइट्समध्ये बांधावी लागते, त्यालाच पिकल म्हणतात, आणि फंक्शन बांधताना पायथन त्याचा कोड पाठवत नाही, फक्त ते कुठल्या मॉड्यूलमधलं आणि नाव काय एवढं पाठवतो. फंक्शनाच्या पोटात जन्मलेल्या फंक्शनाला असा बाहेरून सापडणारा पत्ता नसतो. प्रोग्रामच्या आत पहिल्या दर्जाची असलेली ही नागरिक वेशीबाहेर गेली की तिच्याकडे कागदपत्रच नाही. उपाय साधा होता : फंक्शन पाठवायचंच नाही. संस्थेचा क्रमांक पाठवायचा, आणि त्या प्रोसेसने आपल्याकडच्या डिक्शनरीतून फंक्शन घ्यायचं.

दुसरी अडचण लेखापरीक्षणाची. मागच्या मार्चमधल्या एका बिलाला कुठला नियम लागला होता? जुन्या कोडमध्ये आकडे ओळींत लिहिलेले असायचे, कुरूप पण दिसायचे. आता ते क्लोजरच्या कप्प्यात होते आणि प्रोग्राम बंद झाला की कप्पाही गेला. दिवाळीच्या फरकाच्या वेळी हे अंगाशी आलं असतं. म्हणून प्रत्येक फंक्शनाबरोबर त्याची नोंद ठेवायला लागलो : नियमाचं नाव, त्याला दिलेले आकडे, कुठल्या तारखेपासून लागू. बिलाच्या ओळीत या नोंदीचा क्रमांक जातो. क्रमांकावरून तेच फंक्शन पुन्हा तयार करता येतं. ‘फंक्शन हीच वस्तू’ म्हणून सुरुवात केली आणि शेवटी वस्तूची पावतीही फाडावी लागली.

आज काय स्थिती आहे

एक संस्था सोडून सगळ्या नव्या रचनेवर आहेत. नवी संस्था घेताना बहुतेक वेळा नवं फंक्शन लिहावं लागत नाही. आहेत त्या कारखान्यांना वेगळे आकडे द्यायचे आणि यादी लावायची. एका संस्थेचा बदल दुसरीला लागल्याचं त्यानंतर घडलेलं नाही, कारण दोघींमध्ये सामायिक व्हेरिएबल उरलेलं नाही.

तोटेही आहेत. चूक झाली की लॉगमध्ये बोलावणाऱ्यांची जी साखळी दिसते ती आता सरळ वाचता येत नाही. यादीतलं कुठलं फंक्शन चाललं ते शोधावं लागतं. सुरुवातीला तर तिथे नुसतं ‘लॅम्ब्डा, लॅम्ब्डा, लॅम्ब्डा’ दिसायचं. आता कपातीच्या यादीत लॅम्ब्डा चालत नाही, प्रत्येक नियमाला नाव हवंच. एका ओळीच्या नियमालासुद्धा.

वेगळं काय करता आलं असतं

टेस्टपासून सुरुवात करतो. वाहतुकीची टेस्ट होती. तिच्यात केंद्र एकच होतं, आणि ते यादीतलं शेवटचं निघालं : ९० पैशांचं. टेस्ट हिरवी, कारण पाचांतलं एकच केंद्र बरोबर होतं आणि नेमकं तेच आम्ही पाहिलं. जे फंक्शन अनेक फंक्शन्स तयार करतं त्याची टेस्ट एका नमुन्यावर होऊच शकत नाही. किमान दोन, वेगळ्या आकड्यांचे, आणि दोन्ही तयार झाल्यावर पहिलं चालवून पाहायचं.

मग इशारा. लूपचं व्हेरिएबल आतल्या फंक्शनात पकडलं तर पायलिंट हा कोड तपासणारा प्रोग्राम ‘सेल-व्हार-फ्रॉम-लूप’ अशी सूचना देतो. आमच्याकडेही दिली होती. जुन्या अकराशे ओळींच्या शेकडो सूचनांच्या ढिगात ती पडून होती आणि तो ढीग कुणी वाचत नव्हतं. निदान नव्या फाइल्सपुरता तरी पायलिंट सक्तीचा करायला हवा होता. त्याला अर्धा दिवस लागला असता.

एक गोष्ट मॅडमच्या बाजूने नोंदवायलाच हवी. त्यांचा क्लासचा पर्याय घेतला असता तर ही चूक झाली नसती. ऑब्जेक्ट तयार होताना ‘पैसे’ची किंमत त्याच्या स्वतःच्या खात्यात लिहिली जाते, फळ्याकडे पाहायचा प्रश्नच येत नाही. पिकलची अडचणही आली नसती, आणि ऑब्जेक्ट उघडून आतले आकडे वाचता येतात, त्यामुळे नोंदींचं कामही सोपं गेलं असतं. मी हे मान्य करतो, आणि तरी पुन्हा निवडायची वेळ आली तर फंक्शनच घेईन. सचिवांनी स्क्रीनवर यादी वाचून चूक काढली ती ‘अ‍ॅडव्हान्स, पशुखाद्य, वाहतूक’ ही तीन नावं ओळीने दिसली म्हणून. क्लासांच्या यादीतही तीच नावं दिसली असती, असं मॅडम म्हणतात. यावर आमचं अजून एकमत नाही. मधला मार्ग म्हणून पायथनबरोबरच येणाऱ्या ‘फंक्टूल्स’ या मॉड्यूलमधला ‘पार्शल’ आता काही ठिकाणी वापरतो : साधं, मॉड्यूलच्या पातळीवरचं फंक्शन घ्यायचं आणि त्याचा एक आकडा आधीच भरून ठेवायचा. किंमत तिथेच पकडली जाते, पिकल होतं, आत काय भरलंय ते छापूनही दिसतं. मॅडमना तो पसंत आहे.

आणि रात्रीच्या दुरुस्तीला मुदत घालायला हवी होती. डिफॉल्टची युक्ती लावताना ‘सकाळी बदलायचं’ असं मी चॅटवर लिहिलं होतं. सकाळी बँकेची फाइल गेली, संस्थेने आभार मानले, आणि ते वाक्य वर वर सरकत दिसेनासं झालं.

राहिलेली एक संस्था अजून जुन्या ‘बिल_काढ’वर चालते, त्यातल्या ‘हात लावू नये’ या शेऱ्याखालच्या बारा ओळींमुळे. त्या ओळी काही ठरावीक सभासदांना लिटरमागे २५ पैसे जास्त देतात. कशासाठी, ते आम्हाला माहीत नाही आणि सध्याच्या सचिवांनाही नाही. त्यांनी जुनी ठराव-वही शोधून ठेवतो म्हटलंय. ती मिळेपर्यंत त्या ओळींना नाव काय द्यायचं ते ठरत नाही, आणि नाव नसलेला नियम यादीत घालायचा नाही असं आम्ही ठरवून बसलो आहोत.